आगरातली सत्तर झाडं

तारीख वीस जानेवारी एकोणीसशे सत्तावन्न, वार रविवार. रक्कम रुपये तीनशे पन्नास. हजर माणसं सहा – मोंबाशाहून रजेवर आलेले मंडळाचे चिटणीस रघुनाथराव, पनवेलचे निवृत्त हेडमास्तर तात्या, बाजारपेठेतले दाऊदभाई, जिला ती रक्कम मिळाली होती ती नामीबाई, तिची सून, आणि मी.

त्या दिवशी या माणसांसमोर मी दोन शब्द बोललो. ते दोन शब्द त्यानंतर मी कोणापाशी उच्चारलेले नाहीत. बायकोपाशी नाही, थोरल्या भावापाशी नाही, देवासमोर हात जोडताना मनातसुद्धा नाही – तिथेही मी दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो. आठ वर्षं झाली. आज तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण बघा, अजून तारीख आणि रकमेभोवतीच घुटमळतोय. तेवढं मला नीट येतं.

मी भातगिरणीत हिशेबनीस आहे. बावीस वर्षं गिरणीच्या वह्या माझ्याकडे आहेत. नानांच्या हिशेबात पै चुकत नाही, असं पेठेत म्हणतात. हे मी फुशारकीने सांगत नाही – म्हणजे, पूर्वी फुशारकीनेच सांगायचो. आता सांगतोय, कारण त्यातूनच हे सगळं झालं.

आफ्रिकेत, मोंबाशाला, आपल्या कुलाबा जिल्ह्यातली बरीच मंडळी होती. कोणी बंदरावर कारकून, कोणी रेल्वेत, कोणी दुकानात. त्यांचं तिथे एक मंडळ होतं. गणपती बसवायचे, दरवर्षी एक नाटक करायचे, आणि तिकिटांतून जे उरेल ते इकडे गावाकडे पाठवायचे. कुणाची शाळेची फी, कुणाचं जळलेलं घर, कुठे मशिदीची कौलं, कुठे देवळाचं छप्पर. इकडचं वाटप नीट व्हावं म्हणून पनवेलात आमची तिघांची कमिटी होती : तात्या, दाऊदभाई – त्यांचा धाकटा भाऊ तिकडे असायचा – आणि पत्रव्यवहाराला मी. पत्रं मी एकटा लिहायचो, आलेली मी एकटाच वाचायचो. बाकीचे दोघे म्हणायचे, नाना आहेत ना, मग बघायचं काय? एका वर्षी मंडळाच्या अहवालात छापून आलं होतं की पनवेलच्या कमिटीचे कागद नमुनेदार असतात. ते पान मी माझ्या साडूला मुद्दाम दाखवलं होतं.

छप्पन सालच्या श्रावणात मोठं उधाण आलं. खाडीकाठच्या एका गावात – गावाचं नाव सांगत नाही, तिची माणसं अजून तिथे आहेत – नामीबाईच्या आगराच्या बांधाला खांड पडली. भरतीचं पाणी आत शिरलं आणि सगळे वाफे गाळाने भरले. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. घरात एक मुलगा, एक सून, आणि पोटाला ते आगर. आमच्याकडे आगर म्हटलं की मिठाचं. दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यातही येत नाही. दिवाळीच्या सुमारास बांध धड असला तर उन्हाळाभर मीठ पिकतं. नसला तर ते वर्ष गेलं. मी स्वतः जाऊन पाहिलं, मजूर, दगड, माती धरून तीनशे पन्नासचा अंदाज काढला, आणि मंडळाला लिहिलं की एका विधवेचं आगर उधाणाने बुडालं आहे, मदत व्हावी.

उत्तर लवकर आलं. रघुनाथराव मूळचे श्रीवर्धनचे. तिकडे आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. त्यांनी अगदी कळवळून विचारलं होतं – किती पोफळी गेल्या? बागायतीच्या नुकसानीला मंडळ झाडामागे पाच रुपये देतं. संख्या कळवा, ड्राफ्ट लगेच पाठवतो.

ते वाचून मी हसलो होतो. खरंच हसलो. मग खुलासा लिहायला पेन उचललं – आणि थांबलो.

त्या वेळी मी स्वतःला काय समजावलं, तेही सांगतो. खुलासा पाठवायचा, तो तिकडच्या बैठकीत यायचा, मीठ पिकवणं ही शेती की धंदा यावर त्यांनी वाद घालायचा, तोवर इकडे माघ उजाडायचा आणि बाईचा हंगाम जायचा. हे सगळं खरं होतं. पण कारण ते नव्हतं. कारण एवढंच, की 'माझ्या मागील पत्रात स्पष्ट लिहावयाचे राहिले' असं एक वाक्य मला लिहावं लागणार होतं. नमुनेदार कागद पाठवणाऱ्या माणसाला. ते वाक्य मी मनात दोनदा जुळवून पाहिलं. हात पुढे जाईना. मग मी तीनशे पन्नासला पाचाने भागलं. सत्तर आले, बाकी शून्य. मी लिहिलं – सत्तर पोफळी.

बाकी शून्य आली याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं. तेही सांगायला हवं.

दिवाळीच्या आधी पैसे आले. मी ते नामीबाईच्या हातात मोजून दिले. पावतीवर 'सत्तर पोफळींच्या नुकसानीबद्दल' असं लिहिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. तिने विचारलंही नाही. नानांनी लिहिलंय म्हटल्यावर विचारायचं काय? तिने अंगठा दिला. त्यातला एक पैसा मी घेतला नाही. बांध झाला, वाफे साफ झाले, खाडीचं पाणी आत घेतलं. तिथेच हे थांबलं असतं तर – पण असं म्हणण्यात काय अर्थ आहे?

जानेवारीत रघुनाथराव सहा महिन्यांच्या रजेवर आले. आधी श्रीवर्धनला घरी जाऊन मग पनवेलला. शनिवारी संध्याकाळी माझ्या दारात टांग्यातून उतरले, तेव्हा त्यांच्या काखेत ओल्या गोणपाटाचा एक मोठा गठ्ठा होता. मला वाटलं, फणस-बिणस असेल. ओटीवर ठेवून त्यांनी गोणपाट उलगडलं. आत पोफळीची रोपं होती. वीस-पंचवीस असतील. घरच्या आगरातून काढून, एस.टी.त सबंध वाट मांडीवर धरून आणलेली.

"तेवढीच त्या बाईला भर, नाना," ते म्हणाले. "आमची श्रीवर्धनी जात आहे. उद्या मी माझ्या हातानेच लावतो."

त्याच वेळी मी सांगू शकलो असतो की नाही? असतो. जेवताना सांगू शकलो असतो. माझ्या बायकोने त्यांना दुसऱ्यांदा सोलकढी वाढली, तेव्हा ते तिला म्हणत होते, "वहिनी, नानांचं पत्र आलं की मी ते बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवतो. म्हणतो, बघा, हिशेब असा लिहायचा." बायको खूश झाली. मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. तिने मला विचारलं, मीठ हवं का.

सकाळी मी म्हटलं, रस्ता फार खराब आहे. मग म्हटलं, भरतीची वेळ आहे, चिखल असेल. "अहो, आम्ही काय मुंबईचे आहोत का?" ते म्हणाले. तात्या आणि दाऊदभाई आले, बैलगाडी निघाली. रोपं मध्ये ठेवलेली. दाऊदभाईंनी ती पाहिली आणि विचारलं, "ही कुणाच्या बागेत चालली, जनाब?"

"नामीबाईच्या आगरात."

दाऊदभाई मोठ्याने हसले. "आगरात? मग सरळ लोणचंच घाला की रोपांचं."

त्यांना वाटलं, पाहुण्यांनी गंमत केली. पाहुण्यांना वाटलं, इकडच्या लोकांच्या बोलण्याची ही काहीतरी तऱ्हा असेल. तेही हसले. तात्यांना ऐकू कमी येतं, ते सगळे हसले म्हणून हसले. गाडीत न हसणारा मी एकटा होतो. आणि तरी मी तोंड उघडलं नाही. कशाची वाट बघत होतो? गाडीचं चाक मोडेल याची? मला वाटतं, होतो.

नामीबाई आणि तिची सून मीठ ओढून ढीग लावत होत्या. उन्हात सगळं आगर पांढरं दिसत होतं, आणि चारी बाजूंना, नजर जाईल तिथपर्यंत, एक झुडूप नव्हतं. मला पाहून ती लगबगीने बांधावर आली. "या, नाना. बगा तुमचा बांध. तुमच्या पैशान झाला, म्हंजे तुमचाच." तिने पायाने बांध ठोकून दाखवला. आमच्यासाठी तिने सुनेला पाण्याचा तांब्या आणायला सांगितला. त्या गावात गोडं पाणी नव्हतं. बायका दोन मैलांवरून हंडे आणायच्या. तिथे विहीर बांधून द्यायचं मंडळाच्या मनात होतं आणि त्याचीही पाहणी रघुनाथराव याच फेरीत करणार होते. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

रघुनाथराव हातात गठ्ठा घेऊन इकडेतिकडे बघत उभे होते.

"बाई, झाडं कुठल्या अंगाला होती?"

"कनची झाडं?"

"पोफळी. सत्तर पोफळी गेल्या ना तुझ्या?"

ती आधी त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला आणि सुनेकडे वळली. "ऐकलंस गो? आगरान पोफली. मंग मीठ काय माडाला लागतं?" सून तांब्या सांभाळत खदखदून हसायला लागली. दाऊदभाईंना पुन्हा हसू आलं. हसता हसता ते थांबले, कारण रघुनाथराव हसत नव्हते. ते माझ्याकडे वळले होते.

"नाना, सत्तरचा आकडा तुमच्या पत्रात आहे. तो कोणी सांगितला तुम्हाला?"

मी म्हणालो, "हिनेच सांगितला."

हे ते दोन शब्द.

तिच्या तोंडावर हसू अजून तसंच होतं. ते जायला थोडा वेळ लागला. "मी?" ती म्हणाली. "नाना, मी कंदी बोल्लू?" तिच्या आवाजात राग नव्हता. मी काहीतरी विसरलोय आणि तिने आठवण करून दिली की मला आठवेल, अशा आवाजात ती बोलली. तिने मला तेवढी सवड दिली. आणि मी काय केलं? मी तिला विचारलं, "पावतीवर अंगठा तुझाच आहे ना?" हे विचारायला मला कोणी सांगितलं नव्हतं. रघुनाथरावांना तर पावतीची आठवणही झाली नव्हती. ते माझं मीच काढलं.

"अंगठा माझाच हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाली, "तं फावडं उचल. पान्यान ऱ्हाईल."

तात्या रघुनाथरावांच्या दंडाला धरून हळूच म्हणाले, "जाऊ द्या. अडाणी बाई. पैसा दिसला की होतो मोह." हळूच म्हणजे त्यांच्या मापाने हळू. ते तिला ऐकू गेलं.

रघुनाथराव वाईट माणूस नव्हते. मी आगर आधी येऊन पाहिलंय हे माझ्या पत्रात नव्हतं, आणि माझ्या कागदांवर त्यांचा भरवसा होता. ते रागावलेही नाहीत. म्हणाले, "नाटकाची तिकिटं मी दारोदार फिरून विकलीत. बंदरावर दिवसभर उभी राहणारी माणसं ती घेतात. खोट्या माहितीवर दिलेली रक्कम मी त्यांना कशी दाखवू?" त्यांनी तिथेच ठरवलं. पैसे परत आले पाहिजेत. सावकाश आले तरी चालतील. पण ते पुरते फिटेपर्यंत या गावाला मंडळाकडून काही मिळणार नाही. विहीरही नाही. गावचे चार लोक तोवर जमले होते, त्यांनी हे ऐकलं. हप्ते गोळा करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं.

आम्ही परत निघालो. पेठेत उतरल्यावर दाऊदभाई माझ्याबरोबर थोडं चालले. "नाना," ते म्हणाले, "त्या घरचं मीठ मी किती वर्षं घेतोय. ती बाई झाडं कशाला सांगेल?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ठीक. खुदा हाफिज." पुढच्याच महिन्यात त्यांनी कमिटीतून नाव काढून घेतलं. कारण दुकानाचं दिलं. आजही रस्त्यात भेटले की विचारपूस करतात, पण माझ्या ओटीवर चहाला बसलेले नाहीत.

मी पुष्कळदा विचार केला आहे, की त्या बांधावर खरं बोललो असतो तर काय झालं असतं? बहुतेक हसण्यावारी गेलं असतं. आगर शब्दाचा घोटाळा रघुनाथरावांचाच होता. ते स्वतःच्या कपाळावर हात मारून हसले असते आणि ती गोष्ट मोंबाशात जाऊन सगळ्यांना सांगितली असती. पण मग त्यांनी विचारलं असतं, शब्दाचा घोटाळा माझा, नाना, पण सत्तर कुठून आले? शब्द चुकतो. आकडा चुकून सत्तर होत नाही. तो कोणीतरी बसून काढावा लागतो. एवढं एक मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, आणि ते टाळायला मी ती बाई पुढे केली. तेव्हा माझ्या पोस्टाच्या पुस्तकात सातशे रुपये होते. गुपचूप भरून टाकता आले असते. पण नानांनी का भरले, असं लोकांनी विचारलं असतं.

गावाने तिला नाव ठेवलं, सत्तर झाडांची नामी. हंडा घेऊन निघाली की पोरं मागून ओरडायची, "नामे, सुपारी दे." हंडा वाहणाऱ्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांची विहीर तिने घालवली होती. तिने गावात काय सांगितलं मला ठाऊक नाही. नाना खोटं बोलले, असं सांगितलंही असेल. मला जाब विचारायला कोणी आलं नाही. आलं असतं तरी कोणावर विश्वास ठेवला असता लोकांनी?

साडेचार वर्षं ती हप्ते घेऊन येत राहिली. मीठ विकलं गेलं की यायची. कधी पंचवीस, कधी दहा, एका वर्षी बांध पुन्हा खचला तेव्हा फक्त सात. मध्येच नवे पैसे सुरू झाले. ती जुनी नाणी आणायची, मी त्यांचे नवे पैसे करायचो. पाच आण्यांचे एकतीस होतात. मी एकतीसच लिहिले. उन्हातून चालत आलेली असायची, माझी बायको तिला पाणी द्यायची आणि आत येऊन मला म्हणायची, बाई प्रामाणिक दिसते हो, एकदा चुकली एवढंच. मी हं म्हणायचो.

पहिल्या हप्त्याच्या वेळी मी पावती लिहून शाईचा डबा तिच्यापुढे सरकवला. तिने हात पुढे केला नाही. "आदी वाचा," ती म्हणाली. मी वाचलं. तेव्हापासून दर वेळी ती तेवढं एकच बोलायची, आणि दर वेळी मी मोठ्याने वाचायचो. ऐकताना ती माझ्या तोंडाकडे बघायची. मी कागदाकडे.

शेवटचा हप्ता एकसष्ट सालच्या जूनमध्ये, पाऊस धरायच्या सुमारास आला. चोवीस रुपये. त्या दिवशी मी फेडीची पावती लिहिली. मजकूर मंडळाने ठरवून पाठवलेला होता : 'चुकीची माहिती देऊन घेतलेली रक्कम रुपये तीनशे पन्नास पूर्ण फेडली, बाकी नाही.' मी तो वाचून दाखवला.

"म्हाइती कुनी देऊन?" तिने विचारलं.

बायको स्वयंपाकघरात होती. ओटीवर आम्ही दोघंच होतो. मी कागद पुन्हा वर धरला आणि वाचलं, "नामीबाईने."

तिने अंगठा दिला. पदराला पुसला आणि गेली.

पैसे मी दुसऱ्या दिवशी मंडळाकडे रवाना केले. त्यांनी पोच पाठवली आणि वसुली चोख केल्याबद्दल माझे आभार मानले. पुढच्या वर्षी विहिरीचे पैसे आले. फेडीची रक्कम रुपये तीनशे पन्नास, मंडळाला पोचली. माझ्या हातून गेली, पण दिली नामीबाईने.